थंड पाण्यावरील सव्वाशे मैल

ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील डिव्हायझेस या लहानशा गावाहून लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत नावांची एक शर्यत होत असते. अंतर १२५ मैलांचे. पहिले ५४ मैल केनेट-एव्हन कालव्याने रेडिंगपर्यंत आणि तेथून पुढे थेम्स नदीने जावयाचे. वाटेत पाणी चढविण्या-उतरविण्याची दारे, ज्यांना तिकडे लॉक म्हणतात, ती जागोजागी आडवी येतात. अशा ७७ ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढावयाची, खांद्यावर घ्यावयाची आणि धावत पलीकडे नेऊन पुन्हा पाण्यात सोडावयाची. दोघांच्या नावेतील प्रौढ स्पर्धक हे सारे अंतर रात्रभर न थांबता एका दमात तोडतात. १९७९ साली ग्रीनहॅम व कॉर्निश या जोडीने त्यासाठी १५ तास ३४ मिनिटे घेतली. सामान्य जोडीला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

या उद्योगाचा आरंभ एका पैजेतून झाला. १९४८ च्या ईस्टरमध्ये डिव्हायझेसच्या चार रोव्हर बालवीरांनी शंभर तासांच्या आत वेस्टमिन्स्टर गाठण्याचे आव्हान स्वीकारले आणि ८९ तास ५० मिनिटांत ते पुरे केले. दोनच वर्षांनी त्याला रीतसर वार्षिक शर्यतीचे रूप आले.

शर्यत वसंतात होते हे खरे; परंतु तिची तयारी मात्र हिवाळ्यातच करावी लागते. डिसेंबरात तिकडे दुपारी चार वाजताच दिवस मावळतो. नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाचा सराव त्यामुळे बहुधा अंधारातच होतो, आणि त्या दिवसांत नदीचे पाणी चार-पाच अंशांपर्यंत उतरलेले असते. आपल्याकडे आलप्पुळ येथील नेहरू चषकाच्या शर्यतीसाठी वल्हेकरी ऐन पावसाळ्यात सराव करतात. त्यांना वारा-पावसाची चिंता असेल, पण पाण्याच्या थंडीची नसते. येथे सारा प्रश्न त्या थंडीचाच आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. तथापि थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो, ही समजूत अर्धवटच खरी आहे. पोर्टस्मथ विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल टिप्टन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की सर्वांत मोठा धोका पहिल्या दोन-तीन मिनिटांतच असतो. थंडगार पाण्याचा कातडीला एकाएकी स्पर्श होताच माणूस नकळत खोल श्वास आत ओढतो, आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेऊ लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर श्वासाबरोबर पाणी आत जाते. चांगला पोहणाराही येथे हतबल होतो. म्हणून अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. पडल्यावर धडपड न करता उताणे तरंगत राहावे आणि श्वास ताब्यात आल्यावरच नावेकडे वळावे. यापुढचा टप्पा हातांचा. दहा-पंधरा मिनिटांत बोटे बधिर होतात आणि समोर असलेली दोरीही धरवत नाही. शरीराचे आतील उष्णतामान ३५ अंशांखाली जाण्यास मात्र बहुधा अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. याचाच अर्थ, किनारा गाठण्यास वेळ असतो. पण तो हात चालत आहेत तोवरच.

आणि शर्यतीची नाव तर इतकी अरुंद असते, की नवख्याला तीत नुसते बसून राहणेही कठीण जाते. शिवाय भीतीने अंग ताठले की नाव अधिकच डुलते. म्हणून जाणते शिक्षक पहिल्या हिवाळ्यात रुंद बुडाची नाव देतात आणि वेगाची घाई करू देत नाहीत. तरुणांना हे अपमानास्पद वाटते. तरी त्यांनी ते मानावे, असेच आमचे मत आहे.

पोशाखाविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. सुती कपडा भिजला की ऊब राखत नाही. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा आणि त्यावर वारा अडविणारे जाकीट घालावे. हातमोज्यांनी वल्ह्यावरची पकड बिघडते, यासाठी वल्ह्याच्या दांड्यावरच कापडी पिशव्या बसवून त्यांत हात घालण्याची युक्ती निघाली आहे. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बरोबर ठेवावयाचा. गारठलेल्या माणसाला मद्य पाजणे घातक होय. त्याने कातडीजवळील रक्तवाहिन्या पसरतात आणि उरलीसुरली ऊबही निघून जाते.

उतरत्या उष्णतामानाची खूण ज्याची त्याला कळत नाही, ही यातील कठीण गोष्ट. तो अडखळत बोलू लागतो, चिडतो, नाहीतर अगदी गप्प होतो. मात्र विचारल्यास आपण ठीक आहोत, असेच सांगतो. दोघांच्या नावेत मागच्याला पुढच्याची केवळ पाठ दिसते, आणि पुढच्याला मागचा मुळीच दिसत नाही. अंधारात तर आवाज हीच काय ती ओळख. यासाठी जोडीदारांनी रात्रीच्या सरावात एकमेकांशी सतत बोलत राहावयाचे असते. पुढचा लॉक कोणता, मागचा किती वाजता गेला, शेवटचे खाणे केव्हा झाले, असे साधे प्रश्न विचारावयाचे. उत्तर उशिरा आले किंवा भलतेच आले, तर नाव काठाला लावावयाची. तो सराव तेथेच संपला. नदी फुगली असता लॉकवर लाल फलक लागतात, आणि त्या दिवशी नाव पाण्यात घालण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो.

मुख्य शर्यतीपूर्वी न्यूबरीच्या परिसरात व थेम्सवर छोट्या सराव-शर्यती होतात. अंतर हळूहळू वाढवीत नेतात. लॉकवर नाव उचलण्याचा सराव मात्र जमिनीवरही करता येतो, आणि तो करावाच. ७७ ठिकाणी प्रत्येकी एक मिनिट जास्त लागले, तरी सव्वा तासाहून अधिक वेळ वाया जातो.

हा हिशोब टेडिंग्टनला येऊन भिडतो. तेथून शेवटचे १७ मैल भरती-ओहोटीचे आहेत. ओहोटीबरोबर निघालेल्यास नदीच पुढे नेते. फार लवकर पोहोचणाऱ्याला मात्र भरती ओसरेपर्यंत ओल्या कपड्यांनिशी, थकल्या अंगाने काठावर थांबावे लागते, आणि उशीर करणाऱ्याची ओहोटी हातची निघून जाते. म्हणून प्रत्येक जोडी हिवाळाभरातील आपल्या वेळांच्या नोंदी आणि भरतीचे कोष्टक समोर ठेवून, डिव्हायझेसहून किती वाजता निघावयाचे, ते स्वतःच ठरविते.