आयपी पत्त्याचे द्विमान रूपांतर : आरंभीच्या शून्याचा प्रश्न

संगणक १९२.१६८.१.१० हा पत्ता ३२ बिटांची एकच द्विमान संख्या म्हणून साठवतो. ठिपके केवळ वाचकाच्या सोयीसाठी असतात. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत रकाने जुळावेत म्हणून तोच पत्ता १९२.१६८.००१.०१० असा लिहिल्यास अनर्थ संभवतो. सी भाषेतील जुने ‘आयनेट-एटॉन’ हे फंक्शन आरंभीच्या शून्यामुळे ०१० ही अष्टमान संख्या समजते व १० ऐवजी ८ देते. त्रुटीसंदेश येत नाही. परवानगी भलत्याच यंत्रास मिळते. पायथॉनमध्येही आरंभीच्या शून्यांबाबतचा सुरक्षादोष २०२१ मध्ये नोंदविला गेला. लिनक्सवरील ‘आयनेट-पीटॉन’ असा पत्ता सरळ नाकारते, शिवाय आवृत्ती ६ चे १२८ बिटांचे पत्तेही हाताळते. अध्यापनात तेच वापरावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (येथील देवनागरी अंक मात्र दोन्ही फंक्शन्सना अमान्य आहेत.)