डब्यातली सर्वांत थंड जागा

पातेल्यात पाणी तापत ठेवले की आपण ते ढवळत बसत नाही. पिठले मात्र सतत ढवळावे लागते, नाहीतर तळाला लागते आणि वरून कच्चे राहते. पाण्यात तापलेला भाग हलका होऊन वर जातो, थंड भाग खाली येतो; हे अभिसरण. घट्ट पिठल्याला असे वाहता येत नाही. तिथे उष्णता कणाकणाने, वहनाने पुढे सरकते.

आता हेच पिठले सीलबंद डब्यात आहे असे समजा. ढवळणार कसे?

जळगावच्या केळ्याचा गर डबाबंद करायचा तर हा प्रश्न जिवाशी येतो. पिकल्या केळ्याचा सामू पाचच्या आसपास असतो. सामू ४.६ पेक्षा जास्त आणि आत हवा नाही, अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून डबे रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. त्या तापमानाला तीन मिनिटे पुरतात. पण तापमान दहा अंशांनी घसरले की वेळ दहापट लागतो: १११ अंशांना तीस मिनिटे, १०१ अंशांना पाच तास! डब्याचा बाकी भाग कितीही तापला तरी उपयोग नाही. हिशेब सर्वांत थंड जागेचा करायचा.

ही जागा कुठे असते? घट्ट गरात ती डब्याच्या बरोबर मध्यभागी सापडते. पातळ रसात मात्र भिंतीलगतचा तापलेला रस वर चढतो, वरून मध्यातून खाली उतरतो, आणि थंड भाग तळाजवळ, उंचीच्या साधारण दहा ते पंधरा टक्क्यांवर साचतो. तोही एका जागी स्थिर नसतो. शिवाय तापमान मोजायला आत थर्मोकपल घातले की प्रवाहच थोडा बदलतो. म्हणून गणिती प्रतिमानाची मदत घेतात. डब्याच्या आतल्या जागेचे मनाने बारीक बारीक कडी-तुकडे पाडायचे आणि प्रत्येक क्षणी प्रत्येक तुकड्यात किती उष्णता आली, किती गेली आणि द्रव कुठे सरकला, ते मांडायचे. अशिम दत्ता आणि आर्थर टेक्सेरा यांनी १९८० च्या दशकात संगणकावर डबाबंद द्रवातले तापमान आणि वेग असे काढून दाखवले.

घट्ट गराचे गणित त्यामानाने सोपे, पण निष्ठुर. वहनाला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार सेंटिमीटर त्रिज्येचा, अकरा सेंटिमीटर उंचीचा डबा ३० अंशांवरून १२१ अंशांच्या वाफेत ठेवला, तर मध्यबिंदू ११२ अंशांवर यायला सुमारे सव्वा तास लागतो. दोनशे लिटरच्या पिंपाची त्रिज्या याच्या सातपट. म्हणजे वेळ एकोणपन्नासपट, साठ तासांहून अधिक! तोवर कडेच्या गराचा रंग, चव, जीवनसत्त्वे काहीच शिल्लक राहणार नाही.

त्यावर दोन तोडगे आहेत. एक, सायट्रिक आम्ल घालून सामू ४.६ च्या खाली आणायचा; मग बीजाणू रुजत नाहीत आणि शंभर अंशांच्या आतली उष्णता पुरते. दुसरा, गर आधी अरुंद मार्गातून वाहता ठेवून तापवायचा, लगेच थंड करायचा आणि मग निर्जंतुक पिशवीत भरायचा. जळगावात जैन उद्योगसमूहाचा फळांचा गर अशा पिशव्यांतूनही बाहेर जातो. तोडगा रासायनिक वाटेल, यांत्रिक वाटेल. मुळात दुसरा तोडगा त्रिज्येच्या वर्गावरचा आहे.

घरी बाटलीत भरून उकळलेला केळ्याचा गर मात्र महिनोन्महिने ठेवू नये, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

वर्गात करून पाहायचे तर दोन सारखे उंच पेले घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात मक्याच्या पिठाची शिजवून गार केलेली घट्ट खळ. प्रत्येकात दोन तापमापक, एक मध्यावर, एक तळापासून बोटभर वर. दोन्ही पेले सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात ठेवून दर मिनिटाला नोंद घ्या, आणि कोणता पारा सर्वांत मागे राहील, याचा अंदाज मुलांकडून आधीच फळ्यावर लिहून घ्या.