सुटीतील मुले कोणाच्या स्वाधीन?

एप्रिल उजाडला की पुण्यामुंबईत छंदवर्ग व उन्हाळी शिबिरे यांच्या जाहिराती झळकू लागतात. शुल्क भरणाऱ्या पालकाला निदान जाब विचारता येतो. बिलोली तालुक्यातील शेतमजुराला तीही सोय नाही. शाळेला कुलूप लागले की त्याच्या मुलावरचे मोठ्या माणसाचे लक्ष संपते आणि दुपारची खिचडीही. आईबाप कामावर, मूल मांजरेच्या पात्रात.

कुंडलवाडीच्या पुढे गोदावरीला मिळणारी ही नदी उन्हाळ्यात रोडावते, पण वाळू उपसलेल्या जागी खोल खड्डे राहतात. वरून पाणी उथळ भासते. काठ मात्र पायाखालीच ढासळतो.

दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला. आदेश स्तुत्यच, परंतु दुष्काळ जाहीर न झालेल्या वर्षी मुलांना भूक लागत नाही की काय? शिवाय जेवून मुले परत पाठविली, तर चाळीस अंशांवरची दुपार उरतेच.

वस्तुतः इमारत उभी आहे, चूल व भांडी पडून आहेत. धान्याखेरीज नवा खर्च काय तो देखरेखीच्या मजुरीचा. तो भार शिक्षकांवर मात्र नको. निवडणूक व जनगणना यांनी त्यांची सुटी आधीच पोखरली आहे. गावातीलच दोन शिकलेल्या स्त्रियांना सुटीपुरते मानधन देता येईल. मात्र रोज हजेरी घेणे आणि न आलेल्या मुलाच्या घरी तत्काळ जाणे, हे त्यांचे पहिले काम ठरले पाहिजे.