शब्दांची संगत आणि यंत्राचे भाषाशिक्षण

तलाठी कार्यालयात ‘उतारा’ म्हटले की सात-बारा डोळ्यांसमोर येतो. शाळेत तोच शब्द धड्यातील वेचा दर्शवितो, तर दवाखान्यात विषावरील औषध. माणसास हा भेद सहज उमगतो. यंत्रास तो कसा कळावा?

प्रारंभी व्याकरणाचे नियम व शब्दकोश संगणकात भरून पाहण्यात आले; परंतु भाषेचे अपवाद नियमांत मावेनात. दुसरा मार्ग होता चेताजालाचा, म्हणजेच ‘न्यूरल नेटवर्क’चा. मेंदूतील पेशींवरून सुचलेली ही गणिती कल्पना मॅक्युलॉक व पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडली. अशा जालास चुकांवरून शिकविण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ मधील निबंधामुळे सर्वत्र परिचित झाली.

ही रीत समजण्यास कठीण नाही. ‘शेतकऱ्याने विहिरीवर विजेचा … बसविला’ यासारख्या वाक्यातील गाळलेला शब्द यंत्राने ओळखावयाचा. उत्तर चुकले की जालातील जोडण्यांचे बळ किंचित बदलले जाते. कोट्यवधी वाक्यांवर हा सराव झाला म्हणजे प्रत्येक शब्दासाठी संख्यांची एक माळ सिद्ध होते. ज्या शब्दांची संगत सारखी, त्यांच्या माळाही सारख्या. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेमुळे वाक्यातील कोणत्या शब्दाचा कोणत्या शब्दाशी किती संबंध आहे, याचेही मोजमाप होऊ लागले. शेजारी ‘जमीन’ असेल तर ‘उतारा’ कोणता, हे यंत्र असे ठरविते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र जे वाचते, तेवढेच शिकते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. परंतु संगणकास वाचता येईल असा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांचा तर त्याहूनही कमी. परिणामी यंत्राचे वाक्य सफाईदार असले तरी अर्थ चुकलेला असू शकतो. योजनेच्या अटींत अशी चूक राहिली, तर पात्र लाभार्थी वंचित राहील. म्हणून यांत्रिक अनुवाद जाणकाराने तपासल्यावाचून सूचनाफलकावर लावणे इष्ट नव्हे.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ ही सोय आहे. तेथे नागरिकांस आपल्या भाषेतील वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करता येतात, इतरांचे अनुवाद तपासता येतात. ग्रामपंचायतीचे ठराव व शाळांची हस्तलिखिते युनिकोडमध्ये शुद्ध टंकलिखित झाली, तर तीही उद्या उपयोगी पडतील. यंत्रास मराठी यावी असे वाटत असेल, तर ती प्रथम आपण त्याच्यापुढे ठेवली पाहिजे.