विश्लेषण : बायोडाटात ‘गॅप’ असेल तर रिक्रूटर काय करतो? आणि त्याच्याच बायोडाटात असेल तर?

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला व्हीएमसी सेटर हवा होता. कारखान्याने पुण्यातील भरती संस्थेला पाठवलेल्या मागणीपत्रात शेवटची अट होती, ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप नको’. हे काम ज्या रिक्रूटरकडे आले, त्या ३६ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या बायोडाटात दोन वर्षांचा गॅप आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तीन वर्षे मशीन शॉप, मग कॉल सेंटरची रात्रपाळी, दोन वर्षे घरी, त्यानंतर कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रवेश समुपदेशक आणि आता भरतीचे काम असा त्यांचा प्रवास. कारखान्याची अट त्यांना लावली, तर त्या पहिल्याच चाळणीत बाद होतील. अशा वाटेने आलेला रिक्रूटर इतरांचे बायोडाटा कसे वाचतो, त्याच्या हातात नेमके किती असते आणि उमेदवाराने काय करावे, याविषयी…

रिक्रूटर नेमके काय करतो?

रिक्रूटर नोकरी देतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो निवड करत नाही, निवडीसाठी माणसे समोर आणतो. कंपनीकडून मागणी आली की जॉब पोर्टलवर शोध घेणे, फोन करणे, पगाराची अपेक्षा आणि नोटीस पीरियड विचारणे, योग्य वाटलेली मोजकी नावे कंपनीला पाठवणे, मुलाखतीची वेळ जुळवणे आणि उमेदवार खरोखर रुजू होईपर्यंत पाठपुरावा करणे, हे त्याचे काम. शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. ऑफर लेटर घेऊन उमेदवार ऐनवेळी दुसरीकडे गेला, की आधीची सगळी मेहनत वाया जाते. अनेक आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. तेवढ्या काळात उमेदवाराच्या हाती दुसरी, कधी तिसरीही ऑफर येते.

या क्षेत्रात वेगवेगळ्या वाटांनी लोक का येतात?

रिक्रूटर होण्यासाठी ठरावीक पदवी किंवा परवाना परीक्षा नाही. मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात एमबीए झालेल्यांना पसंती असते, पण भरती संस्थांमध्ये फोनवर नीट बोलता येणारा, नकार पचवणारा आणि चिकाटीने पाठपुरावा करणारा कोणत्याही शाखेचा पदवीधर किंवा पदविकाधारक चालतो. त्यामुळे कॉल सेंटर, विमा विक्री, हॉटेल, शिकवणी अशा कामांतून आलेली माणसे येथे दिसतात. काही जण दुसरे काही मिळेना म्हणून येतात आणि काही महिन्यांत सोडूनही जातात. टिकतात त्यांना पुढे कळते, की आधीचे एकही काम फुकट गेलेले नाही.

आधीच्या कामाचा उपयोग कसा होतो?

व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे उभ्या स्पिंडलचे मशीन. त्यावर ऑपरेटर असतो आणि सेटरही. ऑपरेटर मुख्यतः जॉब लावतो, सायकल सुरू करतो, मापे तपासतो. सेटर टूल लावतो, ऑफसेट देतो, पहिला नग पास करून घेतो आणि गरज पडल्यास प्रोग्राममध्ये बदल करतो. पगारातही फरक असतो. बायोडाटात मात्र अनेक ऑपरेटर ‘सेटर-कम-ऑपरेटर’ असे लिहितात आणि काही खरे सेटर नुसतेच ‘ऑपरेटर’ लिहितात.

मशीनवर कधी उभा न राहिलेला रिक्रूटर शब्द जुळवतो. या रिक्रूटर फोनवर दोन-तीनच प्रश्न विचारतात. कंट्रोल फॅनुकचा होता की सीमेन्सचा? ऑफसेट कोण द्यायचे? पहिला नग नापास झाला तर आधी काय बघायचात? उत्तर कसे येते, त्यावरून माणूस मशीनवर काय करत होता हे समजते. कॉल सेंटरने त्यांना अनोळखी माणसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलते करायला शिकवले. कॉम्प्युटर क्लासच्या नोकरीत पालकांशी बोलताना, घरचा निर्णय खरा कोण घेतो हे ओळखायची सवय लागली. उमेदवार रुजू होणार की नाही, याचा अंदाज त्यांना बहुतेकदा त्यातूनच येतो.

मग गॅपची अट कशासाठी?

एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात तेव्हा कुठे तरी कात्री लावावी लागते. कौशल्य तपासायला वेळ लागतो. तारखा तपासायला काही सेकंद पुरतात. म्हणून गॅप, नोकऱ्यांची संख्या, टक्केवारी अशा सहज दिसणाऱ्या गोष्टी चाळणी बनतात. कंपनीच्या बाजूनेही कारण असते. कौशल्य गंजले असेल, किंवा आधीची नोकरी गैरवर्तनामुळे गेली असेल, ही शंका. ती प्रत्येक वेळी निराधार नसते. पण बाळंतपण, आई-वडिलांचे आजारपण, बंद पडलेला कारखाना, फसलेला धंदा आणि गैरवर्तन या सगळ्यांचा गॅप कागदावर सारखाच दिसतो. फरक कळतो तो विचारल्यावर.

रिक्रूटर कंपनीला अडवत का नाही?

येथे पैशाचे गणित येते. भारतात भरती संस्थेचे शुल्क सामान्यतः कंपनी देते. प्रचलित दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. वर्षाला ३ लाख ६० हजार रुपयांच्या जागेमागे सुमारे ३० हजार रुपये. तेही उमेदवार रुजू झाल्यावरच. शिवाय करारात ‘रिप्लेसमेंट’ची अट असते. उमेदवाराने ठरलेल्या मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, नोकरी सोडली तर संस्थेने दुसरा माणूस विनामोबदला द्यायचा. त्यामुळे वेगळ्या वाटेचा उमेदवार पाठवणे ही रिक्रूटरच्या दृष्टीने जोखीम ठरते. तो टिकला तर श्रेय निवडणाऱ्याचे; गेला तर ‘कोणी पाठवला होता?’ हा प्रश्न रिक्रूटरला. सहानुभूती असूनही अनेक जण सुरक्षित नावेच पुढे पाठवतात, ते यामुळे.

शुल्क कंपनी देत असल्याने देशातील नोकरीसाठी कोणी ‘नोंदणी’ किंवा ‘प्रशिक्षण’ सांगून उमेदवाराकडेच पैसे मागितले, तर सावध व्हावे. परदेशातील नोकरीचे नियम वेगळे आहेत. तेथे १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

चाळणी सॉफ्टवेअरची असेल तर?

पोर्टलवरचा शोध ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन जोडशब्दांवर चालतो. गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १९व्या शतकात मांडलेल्या तर्कशास्त्राचाच हा वापर. त्याला शब्द सापडतात, शब्दांमागचे काम दिसत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे जुन्या निवडींवरून शिकणारी प्रणाली. ॲमेझॉनने असा प्रयोग केला होता. दहा वर्षांत आलेल्या बायोडाटांवर ती प्रणाली शिकवली गेली. त्यात पुरुषांचे प्राबल्य होते, म्हणून ती महिलांशी संबंधित उल्लेख असलेल्या बायोडाटांना कमी गुण देऊ लागली. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळल्याचे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले. आजवर ज्यांना घेतले त्यांच्यासारखेच पुढे घ्यायचे, हे यंत्राने शिकले, तर आडवाटेने आलेला माणूस त्यात कधीच बसणार नाही.

संशोधन काय सांगते?

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. निवडीची पद्धत आणि नंतरची कामगिरी यांचा संबंध त्यांनी शून्य ते एक या मापावर मांडला. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी ०.५४, सर्वांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत ०.५१, मोघम गप्पांची मुलाखत ०.३८ आणि नुसती अनुभवाची वर्षे ०.१८. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरतपासणी करून यांतील बरेच आकडे खाली आणले, पण आखीव मुलाखत ०.४२ सह पहिल्या क्रमांकावर राहिली. थोडक्यात, किती वर्षे काम केले यापेक्षा काय करता येते हे तपासणे अधिक भरवशाचे.

समदुःखी रिक्रूटर पक्षपात करणार नाही का?

करू शकतो. आपल्यासारखा माणूस आपल्याला अधिक लायक वाटतो, हा मनाचा जुना खेळ आहे. स्वतः गॅप भोगलेला रिक्रूटर गॅप असलेल्या प्रत्येकाला झुकते माप देऊ लागला, तर तीही चूकच. यावर या रिक्रूटरनी स्वतःपुरता नियम केला आहे. मशीनबाबतचे प्रश्न सर्वांना तेच, गॅप असो वा नसो. आणि गॅपचे कारण या प्रश्नांनंतरच विचारायचे. आधी कारण ऐकले की मन विरघळते आणि मग चुकीची उत्तरेही बरोबर वाटू लागतात, असा त्यांचा अनुभव आहे.

उमेदवाराने काय करावे?

गॅप लपवू नये. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी यूएएन क्रमांक आहे. त्यातील सेवा-इतिहासात मालकाचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. पार्श्वभूमी पडताळणीत तारखा जुळल्या नाहीत, तर हाती आलेली ऑफरही जाते आणि तेव्हा गॅपपेक्षा खोटेपणा मोठा ठरतो. त्याऐवजी बायोडाटातच एक ओळ लिहावी : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या कारणाने, आणि त्या काळात काही काम किंवा शिक्षण केले असल्यास ते. वेगवेगळ्या क्षेत्रांतील नोकऱ्या असतील, तर प्रत्येकीतून या जागेसाठी उपयोगी काय, तेवढेच ठेवावे. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी काही उद्योगसमूहांच्या स्वतंत्र योजनाही आहेत. टाटा समूहाची ‘सेकंड करिअर इंटर्नशिप’ योजना २००८ मध्ये सुरू झाली.

त्या जागेचे पुढे काय झाले?

सेटरच्या त्या जागेसाठी आलेल्या बायोडाटांपैकी एकात १४ महिन्यांचा गॅप होता. मशीनबाबतची उत्तरे नेमकी आली. नंतर कारण कळले. वडिलांचे डायलिसिस सुरू होते, आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावे लागे; उरलेल्या दिवशी हा तरुण मेहुण्याच्या लहान वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवरच काम करत होता. तेथे पीएफ नव्हता, त्यामुळे कागदावर ते १४ महिने कोरेच होते. रिक्रूटरने बायोडाटा पाठवताना हे सारे दोन ओळींत लिहिले आणि मुलाखतीआधी मशीनवर चाचणी घेण्याची विनंती केली. प्रॉडक्शन मॅनेजरने ती मान्य केली. पहिला नग मापात उतरला आणि तरुण रुजू झाला.

त्याचे ९० दिवस अद्याप पूर्ण व्हायचे आहेत. दरम्यान त्याच कारखान्याकडून आणखी दोन सेटरची मागणी आली आहे. मागणीपत्रातील गॅपची अट तशीच आहे. या वेळी रिक्रूटरनी ते मागणीपत्र स्वीकारण्याआधी फोन केला आणि अट कायम ठेवायची की मशीनवरची चाचणी आधी घ्यायची, असे विचारले. उत्तर अजून आलेले नाही.