फ्रिजसोबत एक फोटो

सराफ बाजारातली धूळ झाडून नेऊन ती धुणारे आणि तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होते. बीजिंगच्या वेशीवरचा एक भंगारवाला असाच चांदीच्या मागे होता. त्याचा कच्चा माल म्हणजे जुने एक्स-रे आणि लोकांनी टाकून दिलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह. पोत्यांनी माल यायचा, आम्लाच्या हौदात जायचा आणि त्यातून सिल्व्हर नायट्रेट निघायचं. २००९ मध्ये बीजिंगमध्येच राहणारा तोमा सोवां हा फ्रेंच संग्राहक त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने या निगेटिव्ह किलोच्या भावाने घ्यायला सुरुवात केली. 'बीजिंग सिल्व्हरमाइन' नावाच्या त्याच्या संग्रहात आता पाच लाखांहून जास्त निगेटिव्ह आहेत.

यात रसायनशास्त्राची एक गंमत आहे. एक्स-रेवरचा काळा भाग म्हणजे खरोखरची चांदी, ती फिल्मवरच राहते. रंगीत फिल्ममध्ये मात्र चांदी फक्त निरोप्याचं काम करते: प्रकाश टिपते, रंगद्रव्यं तयार व्हायला मदत करते आणि धुलाईतच निघून जाते. म्हणजे ज्या निगेटिव्ह चांदीपायी हौदात जाणार होत्या, त्यांतल्या रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी जवळजवळ नव्हतीच. होती ती माणसं.

हे फोटो साधारण १९८५ ते २००५ मधले. आधी कॅमेरा सामान्य घरात नव्हता. नंतर डिजिटल आलं आणि निगेटिव्हच संपली. मधल्या वीस वर्षांत चीन इतका झपाट्याने बदलला की त्या बदलाचे आकडे वाचून डोकं गरगरतं. इथे तो बदल बघायचा तर माणूस कशाशेजारी उभा आहे, तेवढं बघायचं.

पुष्कळदा तो फ्रिजशेजारी असतो. ठेवणीतले कपडे घातलेली बाई, एक हात फ्रिजवर, नजर थेट कॅमेऱ्यात. माओच्या काळात संसार थाटायचा तर घड्याळ, सायकल आणि शिवणयंत्र हवं असायचं. ऐंशीच्या दशकात ती जागा टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीनने घेतली. अशी वस्तू घरात आली की तिच्यासोबत फोटो काढायचा, जसा पाहुण्यासोबत काढतात. बीजिंगमध्ये १९९२ मध्ये मॅकडोनाल्ड्स उघडलं. मग तिथल्या लालकेशी विदूषकाच्या पुतळ्याला बिलगलेले लोक दिसू लागतात. पुढे थायलंडच्या सहलीही.

लग्नांच्या फोटोंमध्ये नवरी पुरुष पाहुण्यांच्या सिगारेटी पेटवून देताना दिसते. ही रीतच. सोवांने अशा फोटोंचं छोटंसं पुस्तक २०१५ मध्ये काढलं आणि ते चक्क सिगारेटच्या पाकिटात घातलं.

टाकून दिलेल्या या निगेटिव्हच्या अगदी उलट गोष्ट ली झेनशेंगची. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तो हार्बिनमध्ये सरकारी वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता. घोषणा देणाऱ्या जमावांचे फोटो तो छापायला देई. भर सभेत अपमानित होणाऱ्या माणसांचे फोटो मात्र छापण्याजोगे नव्हते. अशा हजारो निगेटिव्ह त्याने घरातल्या फरशीच्या फळ्यांखाली लपवल्या आणि त्या जगासमोर आल्या त्या काही दशकांनी. एके काळी निगेटिव्ह जिवापाड जपावी लागली. पुढे लोकांनी ती बेफिकीरपणे भंगारात टाकली. माझ्या मते ही बेफिकिरी हीच मोठी क्रांती. फोटो इतका घरगुती झाला, की तो फेकूनही देता येऊ लागला.

एक गोष्ट मात्र खटकते. सोवांच्या संग्रहातल्या या लोकांना कुणीच विचारलेलं नाही. फ्रिजशेजारच्या बाईचं नाव निगेटिव्हवर नाही आणि तिचा फोटो आता परदेशातल्या प्रदर्शनांच्या भिंतींवर लागतो. सोवांने तो आम्लातून वाचवला हे खरं, पण तिने तो कदाचित मुद्दाम टाकला असेल.

लेई लेई या चिनी कलावंताने सोवांबरोबर याच निगेटिव्हमधून 'रिसायकल्ड' नावाची अ‍ॅनिमेशन फिल्म केली, २०१३ मध्ये. सुमारे तीन हजार फोटो डोळ्यांसमोरून भराभर जातात. तीच प्रेक्षणीय स्थळं, तीच उभं राहण्याची ढब. बदलतात ते फक्त चेहरे आणि कपडे. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं, आणि तरी कॅमेऱ्यासमोर सगळ्यांना नेमकी तीच जागा सापडलेली.