रेंडरिंगचा विलंब : कारणे व उपाय

आपल्या वसतिगृहात वाढलेली बरीच मुले आज चित्रसंकलनाच्या व्यवसायात आहेत. लग्नसमारंभ, जयंतीच्या मिरवणुका, संस्थांचे वर्धापनदिन यांच्या चित्रफिती तयार करून ती आपला संसार चालवितात. गेल्या स्नेहमेळाव्यात त्यांतील एकाने मला विचारले, "दादा, हलणारी नावे आणि ग्राफिक्स टाकली की रेंडरिंगला सगळी रात्र जाते. कर्ज काढून नवा संगणक घेऊ का?" या निर्णयात घरच्या माणसांच्या कष्टाचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

पडद्यावर हलताना दिसणारे दृश्य वस्तुतः स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची, मालिका असते. आपल्याकडे सामान्यतः सेकंदाला २५ फ्रेम्स असतात आणि फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य संगणकाला तयार मिळते. अ‍ॅनिमेटेड ग्राफिक्सचे तसे नाही. अक्षर कोठे आहे, त्याची सावली कोठे पडते, कडा किती धूसर आहे, हे सारे गणित प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने करावे लागते. बारा मिनिटांच्या चित्रफितीत १८,००० फ्रेम्स येतात. प्रत्येक फ्रेमला दोन सेकंद लागले तर दहा तास आणि अर्धा सेकंद लागला तर अडीच तास! तेव्हा एका फ्रेमला इतका वेळ का लागतो, हे आधी शोधले पाहिजे.

हे मी स्वतः चुकून शिकलो. एका निवृत्त शिक्षकांच्या गौरवसमारंभासाठी जुन्या छायाचित्रांची चित्रफीत करीत होतो. आदल्या रात्री रेंडरिंग लावून झोपलो आणि पहाटे वीज गेली. सारे काम एकाच फाइलमध्ये चालले होते. ती अर्धवट फाइल उघडलीच नाही. सर आले, भाषणे झाली, चित्रफीत मात्र दाखविता आली नाही. दोन आठवड्यांनी ती त्यांच्या घरी जाऊन दाखविली; पण जमलेल्या विद्यार्थ्यांसमवेत ती पाहण्याचा क्षण निघून गेला होता.

नंतर तपासले तेव्हा ध्यानात आले की, प्रत्येक छायाचित्र ६००० × ४००० पिक्सेलचे, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेलचे होते. पडद्याच्या गरजेच्या अकरा पटींहून अधिक भार संगणक वाहत होता. छायाचित्र जितके मोठे करून दाखवायचे असेल तितक्याच आकाराचे करून घ्यावे. पडद्याच्या रुंदीच्या दुपटीपर्यंत झूम करायचे असल्यास ३८४० पिक्सेल रुंदी पुरेशी होते.

यानंतर इफेक्ट्सकडे वळावे. आफ्टर इफेक्ट्सच्या २०२२ च्या आवृत्तीपासून प्रत्येक लेयरला लागणारा वेळ टाइमलाइनमध्येच पाहता येतो. अन्य सॉफ्टवेअरमध्ये एकेक इफेक्ट बंद करून फरक पाहावा. धूसरता, चमक आणि मोशन ब्लर हे बहुधा मुख्य अपराधी ठरतात. मोशन ब्लरमध्ये तर एकाच फ्रेमसाठी तीच वस्तू अनेक स्थानी काढून त्यांचे मिश्रण करावे लागते. कच्चे काम पाहताना तो बंद ठेवावा व प्रीव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर आणावा. लांबी-रुंदी निम्मी झाली की पिक्सेल चौथाईवर येतात.

सर्वांत मोठी बचत मात्र एकदा केलेले गणित पुन्हा न करण्यात आहे. नावांची पट्टी अंतिम झाली की ती स्वतंत्रपणे रेंडर करून तयार तुकडा मुख्य चित्रफितीत ठेवावा. प्रीमियर प्रोमध्ये 'रेंडर अँड रिप्लेस' आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस' याचसाठी आहेत. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर प्रोरेस ४४४४ सारखे स्वरूप निवडावे. त्याच्या फाइल्स जागा बरीच घेतात, हे खरे. मूळ प्रकल्प जपून ठेवावा, कारण एखाद्या नावाची दुरुस्ती शेवटच्या दिवशीही निघते.

लांब ग्राफिक्स पीएनजी चित्रांच्या क्रमिक मालिकेत रेंडर करावे. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम्स शाबूत राहतात आणि पुढील फ्रेमपासून काम सुरू करता येते. त्या पहाटे मला हे ठाऊक असते, तर!

एवढे करूनही गती मिळाली नाही, तरच यंत्राचा विचार करावा. रेंडरिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांपैकी कशावर ताण आहे, ते पाहावे व खर्च तेथेच करावा. इफेक्टचे गणित प्रोसेसरवर होत असेल, तर महागड्या ग्राफिक्स कार्डाचा फारसा उपयोग होत नाही. आफ्टर इफेक्ट्स आता अनेक फ्रेम्स एकाच वेळी रेंडर करू शकते. परंतु त्यासाठी रॅमही तेवढी लागते. कॅश फाइल्स एसएसडीवर ठेवणे हा त्यामानाने स्वस्त उपाय आहे.

त्या मुलाचा संगणक आम्ही दोघांनी बसून तपासला. चाळीस नावांपैकी प्रत्येकाला चमकेचा इफेक्ट वेगवेगळा लावलेला होता. सर्व नावे एकत्र करून तो एकदाच लावला, छायाचित्रे लहान केली आणि पुन्हा रेंडरिंग सुरू केले. रात्रीची जेवणे होईपर्यंत चित्रफीत तयार झाली. कर्जाचा अर्ज त्याने घडी करून परत पिशवीत ठेवला.